उलटीवरची, जिभेवर विरघळणारी फिल्म: आषाढात टिकेल का?

सड्यावरची | १० जुलै, रात्री ९:४०

गेली दोन वर्षं एका कामात गुंतले आहे. आता अडकले आहे, म्हणून इथे मांडते.

मी कोकणातल्या एका फार्मसी कॉलेजात शिकवते. विषय फार्मास्युटिक्स, म्हणजे औषधाला गोळी, सरबत, मलम असं रूप कसं द्यायचं त्याचं शास्त्र. एम. फार्म.च्या दोन मुलींबरोबर ऑन्डान्सेट्रॉन या उलटीवरच्या औषधाची फिल्म बनवते आहे. टपाल तिकिटाएवढा तुकडा, कागदाइतका पातळ. जिभेवर ठेवायचा, पाणी लागत नाही, अर्ध्या-एक मिनिटात विरघळतो.

हे काम का घेतलं ते सांगते. चार वर्षांपूर्वी आईची केमो कोल्हापुरात चालू होती. आम्ही देवगड तालुक्यातले. केमो झाली की फोंडा घाटातून परत. राधानगरी मागे पडली की तिला मळमळायला लागायचं. गोळी माझ्या पर्समध्ये असायची, पण घोटभर पाणीसुद्धा पोटात ठरत नसे. गोळी दिली की पाच मिनिटांत पाण्यासकट बाहेर. त्यातली किती अंगात गेली, दुसरी द्यायची की नाही, काहीच कळायचं नाही. दाजीपूरच्या पुढे गाडी बाजूला लावून तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, ती दुपार मी विसरू शकत नाही. औषध हातात आहे आणि ते माणसात जात नाही. आई आता बरी आहे, सहा महिन्यांनी तपासणीला जाते. काम मात्र तिथूनच सुरू झालं.

फिल्म कशी करतात हे कोकणातल्या माणसाला समजावणं सोपं आहे, कारण आपण आंबापोळी करतो. ताटाला तुपाचा हात लावायचा, रस ओतायचा, सगळीकडे सारखा पसरायचा, वाळवायचा आणि अलगद सोडवायचा. आमच्याकडे रसाच्या जागी एचपीएमसी नावाचा पाण्यात विरघळणारा पॉलिमर असतो. काही जण पुलुलान वापरतात, ते एका बुरशीपासून मिळतं. पॉलिमर पाण्यात भिजवून ढवळायचा, त्यात औषध, लवचीकपणासाठी ग्लिसरीन, गोडीला सुक्रालोज आणि वास. ढवळताना अडकलेले बुडबुडे निघून जायला मिश्रण रात्रभर ठेवायचं. सकाळी पेट्री डिशमध्ये ओतून ओव्हनमध्ये ४०–५० अंशांवर वाळवायचं. घाई करून तापमान वाढवलं की वर साय धरते, आतलं पाणी अडकतं आणि फोड येतात.

हिशेब असा. ९ सेंटिमीटर व्यासाच्या डिशचं क्षेत्रफळ ६३.६ चौरस सेंटिमीटर. एक फिल्म २ बाय २, म्हणजे ४ चौरस सेंटिमीटर, आणि तिच्यात ४ मिलिग्रॅम औषध हवं. म्हणजे डिशमध्ये ६३.६ मिलिग्रॅम. पण आपण वजन करतो ते हायड्रोक्लोराइड डायहायड्रेट क्षाराचं, ज्यात औषधाला आम्ल आणि पाणी जोडलेलं असतं, आणि ४ मिलिग्रॅम औषधासाठी क्षार ५ मिलिग्रॅम घ्यावा लागतो. म्हणून डिशमध्ये सुमारे ८० मिलिग्रॅम. हा फरक विसरला की अख्खी तुकडी एक पंचमांशाने कमी पडते.

पहिल्या महिन्यात आमच्या एकाच डिशमधल्या फिल्म्सचं औषध एकसारखं येत नव्हतं. मुली रडकुंडीला आल्या. शेवटी गवंड्याचा लेव्हल-पाइप... नाही, पाण्याची बुडबुडेवाली पट्टी आणून ओव्हनच्या जाळीवर ठेवली. जाळी एका बाजूला कललेली होती. रस उताराकडे गेला की पोळी एकीकडे जाड होणारच. जाळीखाली पत्र्याच्या चकत्या सरकवल्या आणि जाडी सगळीकडे सारखी यायला लागली.

मे महिन्यात फिल्म सुंदर झाल्या. एकाच जागी तीनशे वेळा दुमडल्या तरी तुटेनात. पंचवीस-तीस सेकंदांत विरघळायच्या. ॲल्युमिनियम फॉइलच्या पाकिटांत घालून कडा बंद केल्या. त्या तशाच राहिल्या. मृग लागल्यावर तशीच दुसरी तुकडी केली, आणि जूनअखेर तिची पाकिटं उघडली तर फिल्म फॉइलला चिकटलेली. चिमट्याने ओढली तर च्युइंगमसारखी ताणली जाते. ग्लिसरीन कमी करून नवी तुकडी केली, तीही तशीच.

मूळ पेच असा आहे की या वस्तूचा सगळा गुण पाण्याशी असलेल्या तिच्या ओढीत आहे. तोंडात अर्ध्या मिनिटात विरघळायला ती पाण्याला हपापलेली हवी, आणि जुलैत आपल्या किनाऱ्यावर हवेतली आर्द्रता ८५–९० टक्के असते. जीभ आणि हवा यांतला फरक फिल्मला कळत नाही. कुणाला पॅकिंगचा अनुभव असेल तर सांगा. आणि ही गोष्ट कुणाला उपयोगी पडेल, कुणाला नाही, तेही मोकळेपणाने बोला.

गोळीवाला | १० जुलै, रात्री १०:१५

माझं दापोली भागात मेडिकल आहे, म्हणून सरळ विचारतो. ऑन्डान्सेट्रॉनची एमडी गोळी, म्हणजे तोंडात विरघळणारी, आमच्याकडे वर्षानुवर्षं आहे. तीही पाण्याशिवायच घेतात. मग फिल्म कशाला? गिऱ्हाइकाला दोन्हींत काय फरक सांगू?

एक अनुभव मात्र तुमच्या बाजूने. पावसाळ्यात लोक स्ट्रिप कात्रीने कापून एक-दोन गोळ्या पर्समध्ये टाकतात. कापताना खिसा जरा जरी उघडला गेला की गोळी हवा धरते, फुगते आणि बाहेर काढताना पीठ होते. मग ते पीठ घेऊन माझ्याकडे येतात, 'बदलून द्या' म्हणून.

सड्यावरची | १० जुलै, रात्री १०:४८

अगदी बरोबर प्रश्न विचारलात, आणि मोठा दावा मी करणार नाही. तोंडात विरघळणारी ऑन्डान्सेट्रॉनची गोळी अमेरिकेत १९९९ पासून आहे. फिल्मला तिथे जुलै २०१० मध्ये मंजुरी मिळाली, झुप्लेन्झ या नावाने, ४ आणि ८ मिलिग्रॅममध्ये. मंजुरीचा आधार हाच होता की ती त्या गोळीइतकंच औषध रक्तात पोचवते. जास्त नाही, लवकर नाही, तेवढंच.

फरक वापरण्यातला आहे. ती गोळी मुद्दाम सच्छिद्र, ठिसूळ केलेली असते, दाब आला की फुटते. फिल्म पाकिटात दुमडली तरी फुटत नाही. जिभेला लगेच चिकटते, त्यामुळे लहान मूल किंवा गोंधळलेलं म्हातारं माणूस ती सहज थुंकू शकत नाही. गिळताना घशात अडकेल ही भीती ज्यांना असते त्यांचीही सोय होते. ज्याला एमडी गोळी नीट जमते त्याने तीच घ्यावी, ती स्वस्तही आहे.

जुईची_वेल | ११ जुलै, सकाळी ७:३०

मी कुठेतरी वाचलं की असली फिल्म पोटात न जाता जिभेखालून थेट रक्तात जाते, म्हणून लगेच गुण येतो. हे खरं ना?

सड्यावरची | ११ जुलै, सकाळी ८:०५

हा गैरसमज इतका पसरला आहे की विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतसुद्धा सापडतो. थोडं सविस्तर सांगते.

फिल्म दोन जातींच्या. एक, गालाच्या आतल्या बाजूला चिकटून बराच वेळ राहणारी. तिच्यातलं औषध तोंडाच्या अस्तरातून रक्तात जावं अशी रचना असते. दुसरी आमची, झटपट विरघळणारी. ती विरघळते लाळेत आणि लाळ आपण गिळतो. म्हणजे औषध पोटात, आतड्यात, तिथून यकृतात, गोळीच्याच वाटेने. यकृत वाटेत आपला वाटा घेतं, म्हणून तोंडाने घेतलेल्या ऑन्डान्सेट्रॉनपैकी साधारण ६० टक्केच कामाला येतं. फिल्म केल्याने तो वाटा टळत नाही.

माझ्या आईच्या बाबतीत फायदा एवढाच झाला असता की घोटभर पाण्यामुळे होणारी उलटी टळली असती. पाणी पोटात गेलं की पोट ते परत फेकायचं. लाळेबरोबर झिरपणारं औषध पोटाला फारसं जाणवत नाही. मला तेवढं पुरे आहे.

स्टेथोस्कोप | ११ जुलै, दुपारी २:१०

मी डॉक्टर आहे, रत्नागिरी जिल्ह्यात. तुमच्या लेखात एक गोष्ट राहून गेली आहे. आई घाटात होती हे तुम्हीच लिहिलं आहे. तिला केमोची उलटी होत होती की गाडी लागत होती?

हा फरक महत्त्वाचा आहे. केमोच्या औषधांनी आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात. ते व्हेगस मज्जातंतूच्या टोकांवर आदळतं आणि मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला निरोप जातो. ऑन्डान्सेट्रॉन नेमकं ते टोक झाकतं. म्हणून १९९०-९१ च्या सुमारास ते बाजारात आल्यावर कर्करोगाच्या उपचाराचं चित्रच पालटलं. त्याआधी उलट्यांच्या भीतीने लोक उपचार अर्धवट सोडत.

गाडी लागणं, बोट लागणं ही वेगळी गोष्ट. आतल्या कानातलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं की आपण हलतोय, डोळे सांगतात की सीट जागच्या जागी आहे. या दोन निरोपांचं भांडण हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलिन या दुसऱ्या रसायनांच्या वाटेने चालतं. सेरोटोनिनचा इथे फारसा हात नसतो, म्हणून ऑन्डान्सेट्रॉन गाडी लागण्यावर जवळजवळ निरुपयोगी. तिथे प्रोमेथाझिन, मेक्लिझिन, सिनॅरिझिन, डायमेनहायड्रिनेट, हायोसिन ही औषधं, आणि तीही निघण्याआधी, औषधाप्रमाणे अर्धा ते दोन तास, घ्यायची. घाट सुरू झाल्यावर पोट काम थांबवतं, मग औषध आत पडून राहतं.

आणखी एक. ऑन्डान्सेट्रॉनने डोकं दुखू शकतं, बद्धकोष्ठ होतो, आणि ज्यांच्या हृदयाच्या आलेखात (ईसीजीत) 'क्यूटी' नावाचं अंतर लांबलेलं असतं त्यांनी ते जपून घ्यायचं असतं. गोड फिल्म म्हणून कुणी मनाने घेऊ नये.

सड्यावरची | ११ जुलै, रात्री ९:२०

डॉक्टर, तुमचं वाक्य वाचून बराच वेळ नुसती बसले होते. आठवून पाहिलं. राधानगरीपर्यंत ती शांत असायची, वळणं सुरू झाली की त्रास. बहुतेक दोन्ही होतं, एकावर एक. आम्ही चार महिने एकाच मळमळीची गोळी देत राहिलो आणि दुसरीचा विचारच केला नाही. कुणीतरी तेव्हा हे विचारायला हवं होतं. मीही विचारायला हवं होतं.

गाडीच्या औषधांची फिल्म का नाही करत, असं पुढचं कुणीतरी विचारेलच. केली तर पाहिजे, पण फिल्मच्या पोटात जागा थोडी. तुकड्याचं सगळं वजन साठ-सत्तर मिलिग्रॅम. डायमेनहायड्रिनेटचा एक डोसच ५० मिलिग्रॅमचा, तो मावत नाही. मेक्लिझिन २५ मिलिग्रॅम, पण पाण्यात विरघळायला नाखूष. प्रोमेथाझिन मावतं, पण अतिशय कडू, आणि जिभेला बधिर करतं. डोसाच्या दृष्टीने हायोसिन सगळ्यात सोयीचं, एक मिलिग्रॅमच्याही खाली भागतं. ते लाळ सुकवतं, पण फिल्म विरघळून गेल्यावर, त्यामुळे ती अडचण नाही. हे माझ्या डोक्यात आहे.

रापण | १२ जुलै, सकाळी ६:०५

ताई, मी मालवणचो. बावीस वर्सां ट्रॉलरवर आसंय, आता तांडेल, म्हणजे बोटीचो कप्तान. जास्त शिकलंय नाय, पण बोट लागणा म्हणजे काय ता माका इचारा. नवो पोरगो खलाशी म्हणान येता, पयले दोन-तीन दिस त्येचे हाल कुत्रो खाय नाय. पडान रवता, वर पाणी पण घेणा नाय.

तुमची फिल्म बरी, पण दोन गोष्टी सांगतंय. आमचे हात चोवीस तास ओले. खारा पाणी, बर्फ, मासळीची बुळबुळ. तुमचा ता पाकीट ओल्या हातान फाडूचा कसा? आनि फाडला तरी फिल्म बोटाकच चिकटतली, जिभेपर्यंत पोचाची नाय.

दुसरा, झोप येणारा औषध आमका चलाचा नाय. खलाशाक एक वेळ चलात, पण सुकाणावर झोप इली तर आठ माणसांचो जीव जातलो.

स्टेथोस्कोप | १२ जुलै, सकाळी ९:००

रापण यांचा दुसरा मुद्दा मी प्रत्येक प्रवाशालाही सांगतो. प्रोमेथाझिन घेऊन गाडी चालवू नका. या गटातली बहुतेक औषधं कमी-जास्त झोप आणतातच. तांडेलाने औषध घ्यायचंच असेल तर आधी किनाऱ्यावर, सुट्टीच्या दिवशी घेऊन आपल्यावर काय परिणाम होतो ते पाहावं.

सड्यावरची | १२ जुलै, दुपारी १:३०

रापण दादा, ओल्या हातांचा विचार खरंच केला नव्हता. आम्ही प्रयोगशाळेत हातमोजे घालून, पंख्याखाली पाकिटं उघडतो. फिल्मच्या प्रत्येक माहितीपत्रकात 'कोरड्या हाताने घ्या' असं लिहिलेलं असतं आणि आपण ते छापून मोकळे होतो. माझ्या आईचे हातही त्या दुपारी घामाने आणि उलटीने ओलेच होते.

लालपरी_खिडकी | १२ जुलै, दुपारी ४:१५

आमची धाकटी सहा वर्षांची. चिपळूणहून कराडला माहेरी जाताना कुंभार्ली घाटात दर वेळी पिशवी तयार ठेवावी लागते. आवळासुपारी, लिंबू हुंगणं, आलेपाक, सगळं करून झालं. या फिल्मची चव कशी आहे? कडू असेल तर ती जिभेवर ठेवूच देणार नाही. आणि कोकमाच्या चवीची करता येईल का? मुलं आगळाचं पाणी आवडीने पितात.

सड्यावरची | १२ जुलै, रात्री १०:१०

कोकमाचं नाव काढलंत आणि माझ्या दुखऱ्या जागी हात पडला. आमचाही पहिला विचार तोच होता. कोकणातली फिल्म, कोकमाची चव, आंबटपणाने लाळ सुटते म्हणजे विरघळायलाही मदत. सुचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

फसलं ते असं. ऑन्डान्सेट्रॉन कडू. चव जिभेला तेव्हाच कळते जेव्हा औषध लाळेत विरघळलेलं असतं. म्हणून ते रेझिनच्या, म्हणजे औषधाला धरून ठेवणाऱ्या एका न विरघळणाऱ्या पदार्थाच्या, बारीक कणांना बांधून ठेवायचं. तोंडातल्या साधारण उदासीन लाळेत ते बांधलेलं राहतं, पोटातल्या आम्लात सुटतं. म्हणजे रेझिनची गाठ आम्लाने सुटते. आणि आम्ही कोकमाचं आम्ल त्याच फिल्ममध्ये घालत होतो! गाठ जिभेवरच सुटायची. शिवाय आंबट लाळेत ऑन्डान्सेट्रॉन विरघळतंही जास्त. आधी आंबट, मग मागून कडवटपणा वर यायचा, आणि तो पंधरा मिनिटं जायचा नाही.

सायट्रिक आम्ल घातलेल्या फिल्म्स अनेक प्रबंधांत आहेत, त्या चुकीच्या नाहीत. पण रेझिन आणि आम्ल एकत्र नांदत नाहीत, हे शिकायला आमचे तीन महिने गेले. आता आंबटपणा पूर्ण काढला आहे. पेपरमिंट घातलं होतं, ते आईला हुंगायला दिलं, फक्त वास, औषध नाही. तिने तोंड फिरवलं. वॉर्डात कुणीतरी सतत पेपरमिंटच्या गोळ्या चघळायचं म्हणे, तो वास तिला अजून सहन होत नाही. केमोच्या दिवसांत ज्या वासाची गाठ मळमळीशी पडते तो वास वर्षानुवर्षं पोट ढवळतो, हे पुस्तकात वाचलं होतं. आता वेलदोडा करून पाहतो आहोत, तो तिला चालला.

तुमच्या लेकीसाठी मात्र ही फिल्म नाही. डॉक्टरांनी वर लिहिलं तेच, घाटाला हे औषध चालत नाही.

स्टेथोस्कोप | १३ जुलै, सकाळी ८:४०

लालपरी, मुलीला एसटीत पुढच्या सीटवर, खिडकीतून लांबचा डोंगर दिसेल असं बसवा. मोबाइल, पुस्तक अजिबात नको. निघण्याआधी पोट अगदी रिकामं नको आणि गच्च भरलेलंही नको. आल्याचा काहींना उपयोग होतो, आलेपाक द्यायला हरकत नाही. औषध लागलंच तर वयाप्रमाणे तुमच्या डॉक्टरांकडून.

ऑन्डान्सेट्रॉनचा मुलांमधला खरा उपयोग जुलाब-उलट्यांच्या साथीत आहे. उलटी थांबली की ओआरएस पोटात टिकतं आणि सलाइन टळू शकतं. फिल्म आली तर मला ती तिथे हवी आहे. पण डोस वजनावर ठरतो, आणि घरी कात्रीने अर्धी करू नका.

खोकी_आणि_पाकिटं | १३ जुलै, रात्री ११:३०

मी सावंतवाडीचा, गोव्यात एका औषध कारखान्यात पॅकिंग विभागात आहे. धागा सुरुवातीपासून वाचला. काही प्रश्न.

फॉइलचं ॲल्युमिनियम किती मायक्रॉनचं? फार पातळ असेल तर त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. कडा कशाने बंद केल्या? हातातल्या सीलरने केल्या असतील तर पाकिटं निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवून वर निर्वात करा, मग निर्वात सोडा. गळकं असेल त्याच्या आत निळं पाणी जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ओव्हनमधून काढल्यापासून पाकीट बंद होईपर्यंत फिल्म कुठे होती, आणि किती वेळ?

सड्यावरची | १४ जुलै, संध्याकाळी ६:५०

निळ्या पाण्याची चाचणी आज केली. वीसपैकी एकाच पाकिटात रंग गेला. म्हणजे पाकिटं बहुतेक शाबूत आहेत, तरी आतल्या फिल्म ओघळलेल्या. मला वाटतं, बंद करताना आत जी दमट हवा कोंडली जाते तिचा हा दोष. आत नायट्रोजन भरावा का?

खोकी_आणि_पाकिटं | १४ जुलै, रात्री १०:००

हिशेब करून बघा. ३० अंशांना हवा पाण्याने पूर्ण भरलेली असली तरी एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम पाणी. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ०.०३ मिलिग्रॅम. तुमच्या चपट्या पाकिटात हवा असेल फार तर दोन मिलिलिटर. साठ मिलिग्रॅमच्या फिल्मचं ०.०६ मिलिग्रॅम पाण्याने काय बिघडणार? दोष कोंडलेल्या हवेचा नाही. फिल्म आत जाण्याआधीच पाणी प्यायलेली आहे. माझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत.

सड्यावरची | १४ जुलै, रात्री १०:४५

उत्तर द्यायला लाज वाटते आहे. ओव्हनमधून डिश काढतो, थंड करतो, फिल्म सोडवतो, ब्लेडने चौकोन कापतो, एकेक वजन करतो, जाडी मोजतो आणि मग पाकिटात. दोन ते अडीच तास. टेबलावर, उघड्या खिडकीशेजारी, कारण दुपारी वीज गेलेली असते. मे महिन्यात याच कामाला काही झालं नव्हतं.

गोळीवाला | १५ जुलै, सकाळी ७:५५

माझी आई पोहे-मिरगुंडं उन्हातून काढून गरम असतानाच डब्यात भरायची आणि झाकण लावायची. 'गार झालं की हवा खातं' म्हणायची. तेच हे.

खोकी_आणि_पाकिटं | १५ जुलै, सकाळी ९:२०

अगदी तेच. कारखान्यात फिल्मची खोली कोरडी ठेवतात, त्यासाठी मोठी यंत्रं असतात. तुम्हाला कॉलेजात ते परवडणार नाही. एक पारदर्शक प्लॅस्टिकची मोठी पेटी घ्या, दोन भोकं पाडून लांब हातमोजे चिकटवा, तळाला सिलिका जेल पसरा, आत आर्द्रतामापक ठेवा. काटा तीसच्या खाली आला की कापणं, मोजणं, भरणं सगळं आतच. सीलरचं तोंडही आत घ्या. निळी सिलिका गुलाबी झाली की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरा. पण फार कोरडंही करू नका. थोडा ओलावा फिल्मला लवचीक ठेवतो, अगदी सुकली की काचेसारखी तडकते.

सड्यावरची | ९ ऑगस्ट, रात्री ८:३०

उशीर झाला, क्षमस्व. पेटी केली. मुलींनी गाद्यांच्या दुकानातून जुनी पेटी आणली, हातमोजे सायकलच्या ट्यूबच्या रिंगांनी बसवले. एकाच डिशमधल्या अर्ध्या फिल्म पेटीत भरल्या, अर्ध्या आधीसारख्या टेबलावर. दोन्हींची पाकिटं, त्याच फॉइलची, माझ्या स्वयंपाकघरात खिडकीखाली ठेवली. काल तीन आठवडे झाले. टेबलावरच्या चिकट. पेटीतल्या सुटसुटीत, दुमडतात, विरघळायला तेवढेच सेकंद घेतात. एक मुलगी ओरडलीच.

तीन आठवडे म्हणजे काहीच नाही हे ठाऊक आहे. खरी परीक्षा ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या कपाटात सहा महिने, आणि तिथे औषधाचं प्रमाणही मोजायचं. ती आता सुरू केली. माणसांना औषधाची फिल्म द्यायची तर त्याला नीतिसमितीची आणि पुढे औषध नियंत्रकांची परवानगी लागते, तो रस्ता लांब आहे. पण औषध नसलेल्या, नुसत्या पॉलिमर आणि वेलदोड्याच्या कोऱ्या पाकिटांचं उघडणं तपासायला हरकत नाही. रापण दादा, समुद्र १ ऑगस्टला उघडला ना? जिभेवर ठेवायची नाही, फक्त बोटीवर, ओल्या हाताने पाकीट उघडून फिल्म धड बाहेर येते का ते पाहायचं. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी पंचवीस पाठवते.

रापण | ९ ऑगस्ट, रात्री ९:१०

केलंय व्यनि. नारळी पुनवेक नारळ सोडलो की मोठ्या फेरीक जातलंव. पाठवा.

रापण | ३१ ऑगस्ट, सकाळी ६:४०

ताई, पंचवीस पाकिटां खलाशांक वाटलंय. सांगतंय तसा लिवन घेवा.

फाडूची खाच खय हा ताच गावणा नाय. ओल्या बोटाक ती लागणाच नाय, इतकी बारीक. आठ जणांनी दातान फाडल्यानी, त्यात तिघांची फिल्मच फाटली. ज्येंका खाच गावली त्येंचा पाकीट बरा फाटला, पण आडवा फाटत खाली गेला आनि फिल्म अर्धी आत अर्धी भायर. दोघांनी शर्टाक हात पुसल्यानी, त्येंची धड इली. बर्फाच्या खणात काम करणाऱ्याक तर पाकीट धरूकच जमला नाय.

येक पोरगो म्हणालो, बिस्किटाच्या पुड्याक लाल दोरी असता तशी लावा. माका ता पटला.

खोकी_आणि_पाकिटं | ३१ ऑगस्ट, सकाळी १०:१५

दोरीने सील कमकुवत होतो, तिच्या कडेने ओलावा आत शिरतो. त्यापेक्षा दोन्ही थर एका टोकाला बोटभर न चिकटवता सोडा. दोन कान धरायचे आणि केळ्याच्या सालीसारखे ओढायचे. फाडायचं नाहीच. त्यासाठी आतला थर ओढून सुटणारा लागतो, नेहमीचा नाही. माझ्याकडे नमुन्याचा तुकडा आहे, पाठवतो.

सड्यावरची | ३१ ऑगस्ट, रात्री ९:३०

पाठवा. कान दोन सेंटिमीटरचे ठेवते आणि फिल्म पाकिटाच्या तळाला न ठेवता कानाजवळ ठेवते, म्हणजे पाकीट अर्धं उघडलं तरी तोंड थेट लावता येईल, बोट लागणारच नाही. रापण दादा, बर्फाच्या खणातल्या माणसासाठी कान किती मोठे हवेत? त्याच्या हातमोज्याचं माप मिळेल का?

रापण | १ सप्टेंबर, पहाटे ४:५०

हातमोजे घालणा नाय तो. उघड्या हातान बर्फ फोडता. त्येच्या आंगठ्याचा माप घेवन धाडतंय.